सदानंदासाठी स्थळ

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर हल्ली मणक्याचे उपचार होतात. पूर्वी त्याच खोल्यांत लग्नं जमत. दोन्हीकडे माणसं जरा वाकूनच आत शिरतात, एवढंच काय ते साम्य. तेव्हा दारावर पाटी होती: ‘वानखेडे वधूवर सूचक केंद्र. वय खरे सांगावे. उंची आम्ही मोजू.’ आणि पाटीवर विश्वास न ठेवणाऱ्यांसाठी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या.

वानखेडेबाई मूळच्या वऱ्हाडातल्या, वाशीमकडच्या. पुण्यात इतकी वर्षं राहिल्यामुळे त्यांचं मराठी इस्त्रीचं झालं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याशी त्या ‘आपण बसावं, आपलं नाव कळेल का’ असं बोलत. पण ही बाहेर जायची साडी होती. घरातली भाषा वेगळी, आणि ती कधी बाहेर येईल याचा नेम नसे. समोरचा माणूस थापा मारतोय असा संशय आला, की बाई चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, “असं काऊन जी?” ‘काऊन’ म्हणजे ‘का’. पण या ‘काऊन’नंतर टिकलेलं स्थळ मी पाहिलेलं नाही.

मी वरच्या मजल्यावर राहायचो आणि छापखान्यांची मुद्रितं तपासायचो. वर्तमानपत्रात द्यायच्या जाहिराती बाई माझ्याकडून तपासून घेत. माझं काम ऱ्हस्व-दीर्घाचं. कोणते शब्द ठेवायचे ते बाई ठरवत. ‘मनमिळाऊ’ त्यांनी कायमचा बाद केला होता. “मनमिळाऊ म्हणजे कुणाचं मन कुणात मिळवायचं, ते आधी लिहा म्हणावं.” एका मुलाच्या आईने सून ‘ॲडजस्टेबल’ हवी असं लिहून आणलं होतं. बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. “ॲडजस्टेबल पाना असतो, ताई. हार्डवेअरचं दुकान पुढच्या चौकात आहे.”

पण त्यांचा खरा राग एका वाक्यावर होता: ‘घेईल जमवून.’ मुलगी शाकाहारी, घर मटणाचं? घेईल जमवून. मुलाला आईशिवाय सुचत नाही? घेईल जमवून. गेली काही हजार वर्षं आपल्याकडे लग्नं या वाक्यावर उभी आहेत, आणि लग्नं जमवून पोट भरणारी ही बाई त्याच वाक्याच्या मुळावर उठली होती. “जमणं वेगळं आणि जमवून घेणं वेगळं,” त्या म्हणत. “जमतं ते दोघांचं. जमवून घेतं ते एकटं माणूस.”

त्यांचं स्वतःचं लग्न मोडलेलं होतं. त्याबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या, तेही दळण घेऊन जिना चढता चढता. “मी फार चांगलं जमवून घेत होते, भाऊ. इतकं, की शेवटी मी कुठे आहे ते मलाच सापडेना.” मग पीठ जाड आलंय अशी तक्रार त्यांनी केली आणि विषय संपला. मोडलेल्या लग्नाच्या बाईकडे लोक लग्न जमवायला कसे येतात, असं मला सुरुवातीला वाटे. नंतर कळलं, की पूल कुठे पडतो हे ज्याचा पूल पडलाय त्याला नेमकं ठाऊक असतं.

स्थळं तपासायची बाईंची पद्धत त्यांची स्वतःची होती. केंद्रात कांदेपोह्यांना बंदी. “पोहे चमच्याने खातात. चमचा धरला की माणूस सभ्यच दिसतो.” बाई समोर ठेवत उकडलेल्या शेंगांचं ताट. दोन्हीकडची मंडळी गप्पा मारत शेंगा सोलत, आणि बाई टरफलांकडे बघत. कोण स्वतःची टरफलं वाडग्यात टाकतो, कोण सोफ्याच्या हातावर रचतो, कोण आधी आईपुढे दाणे ठेवतो, कुणाला आयते सोललेले लागतात. पत्रिका बघणारे गुरुजी याला काय म्हणत ठाऊक नाही, पण बाईंनी ‘चालेल’ म्हटलेली बहुतेक जोडपी अजून चालत आहेत.

मग हिंजवडी आली. म्हणजे ती होतीच, पण आता मुलींच्या अटींतही आली. ‘आयटीतला हवा, ऑनसाइट गेलेला असल्यास उत्तम.’ त्यामागोमाग लग्नाच्या वेबसाइटी आल्या आणि बाईंकडची वर्दळ आटली. एकदा मी त्यांना सुचवलं, की आपणही संकेतस्थळ काढावं. त्या म्हणाल्या, “त्यात संकेत पुष्कळ असतात, भाऊ. स्थळ नसतं.” आणि रिकाम्या झालेल्या आतल्या खोलीत त्यांनी पेइंग गेस्ट ठेवली.

ही प्रणाली. वाशीमच्याच एका शिक्षकांची मुलगी. सॉफ्टवेअरमध्ये होती. नावच प्रणाली म्हटल्यावर दुसरीकडे कुठे जाणार? कामात हुशार, पगार चांगला, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘इट्स ओके’. कंपनीची बस चुकली, इट्स ओके. सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं, इट्स ओके. बाई हे ऐकून कपाळाला हात लावत. “या पोरीला कुणी पायावर पाय देऊन उभं राहिलं तरी ही त्याला विचारेल, नीट उभं राहता येतंय ना?”

सदानंदही तिच्या या स्वभावामुळेच आला. तिच्या टीममधला एक मुलगा ऑनसाइट, म्हणजे परदेशी कामावर, निघाला. असे निघालेले लोक मागे स्कूटर, तुळस आणि डिपॉझिटची भांडणं ठेवून जातात. याने ॲक्सोलॉटल ठेवला. “सांभाळशील ना गं थोडे दिवस?” इट्स ओके. तो मुलगा अजून परत आलेला नाही.

ॲक्सोलॉटल म्हणजे मेक्सिकोतल्या तळ्यांतला, बेडकाच्या लांबच्या नात्यातला एक जीव. वीतभर लांब, गुलाबीसर पांढरा, चार पाय, शेपूट, आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले, लग्नातल्या फेट्याच्या तुऱ्यांसारखे. जन्मभर पाण्यात राहतो आणि मोठा कधी होतच नाही. बेडूक जसा पिल्लूपण सोडून जमिनीवर येतो, तसं हा करत नाही. हे प्रणालीने समजावून सांगितलं तेव्हा बाईंना काही विशेष वाटलं नाही. “अशी मुलं माझ्याकडे पुष्कळ येतात,” त्या म्हणाल्या.

त्याचं तोंड कायम हसरं, म्हणून बाईंनी नाव ठेवलं सदानंद. पण नाव ठेवतानाच प्रणालीला बजावलं, “हसऱ्या तोंडावर जाऊ नको. तो तोंडाचा आकार आहे, स्वभाव नाही.”

सोसायटीत अर्थातच बातमी पसरली, की वानखेडेबाईंनी मगर पाळली आहे. आमचे सेक्रेटरी नियमावली घेऊन पाहणीला आले. सदानंद काचेशी येऊन त्यांच्याकडे बघत हसत राहिला. सेक्रेटरींकडे बघून इतका वेळ कुणी हसलेलं नव्हतं. ते विरघळले. जाताना एवढंच म्हणाले, “पण बाई, एकटाच आहे हो बिचारा.”

हे वाक्य मग रोज येऊ लागलं. सदानंदाला थंड पाणी लागायचं, पुण्यातला एप्रिल त्याला सोसण्यासारखा नव्हता. म्हणून टाकी बाईंच्या बैठकीच्या खोलीत ठेवली आणि तिथे एसी बसवला. पाण्यासाठीही एक गार करणारं यंत्र आलं. दिवे गेले की बाई बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत तरंगत सोडत. वधूवर केंद्रात गारवा आला तो उमेदवारांसाठी नव्हे, पण उमेदवारांचा तसा समज व्हायचा. आणि गारव्यात बसलेला प्रत्येक जण टाकीकडे बघून म्हणायचा, “एकटाच? याला कुणीतरी सोबत बघा की.”

एकट्या जिवाला सुखाने राहू द्यायचं नाही, हा आपल्या समाजाचा जुना उपक्रम आहे. प्रणालीलाही वाटू लागलं, की सदानंद उदास आहे. तो हसत होता, पण ते तर ठरलेलंच होतं. शेवटी बाई म्हणाल्या, “ठीक आहे. बघू स्थळं.”

मासे विकणाऱ्या दुकानात मीही गेलो होतो, पिशवी धरायला. त्या दुकानदाराने आयुष्यात अशी मुलाखत दिली नसेल. तो एकेका टाकीसमोर थांबे, आणि बाई चष्मा पुसत.

“हे गप्पी घ्या, मॅडम. छोटे, रंगीत.”

“याच्या तोंडात मावतील?”

“मावतील तसे.”

“मग ही सोबत नाही, हा डबा आहे. पुढे.”

“टायगर बार्ब? खेळकर असतो.”

“खेळकर म्हणजे काय करतो?”

“जरा टोचतो इकडेतिकडे.”

“आमच्याला तुरे आहेत. ते यांना गांडुळासारखे दिसतील. पुढे.”

“मग हा सकर बघा. काचेला चिकटून असतो. शेवाळं खातो, काचा साफ करतो. कुणाच्या अध्यातमध्यात नाही.”

इथे बाई थांबल्या. घरकामात मदत करणारं स्थळ त्यांच्याकडे क्वचित येई. “शेवाळं संपलं की काय करतो?”

दुकानदार कान खाजवू लागला. प्रणालीने फोनवर वाचलेलं होतं. ती हळूच म्हणाली, “मावशी, कधी कधी दुसऱ्याच्या अंगाला चिकटतो. कातडीवरचा चिकट थर खातो.”

“बघा. काचा साफ करतो म्हणे.”

गोगलगायीही झाल्या. लहान असली तर सदानंद गिळणार आणि शंख पोटात अडकणार. शिवाय त्याच्या थंड पाण्यात यातल्या निम्म्या माशांना हुडहुडी भरणार आणि त्यांच्या उबदार पाण्यात हा आजारी पडणार. बाईंनी सगळ्या टाक्यांवरून शेवटची नजर टाकली आणि निकाल दिला. तो मला अजून पाठ आहे, कारण पुढे आयुष्यात पुष्कळदा कामाला आला. “तीन जातीची स्थळं नाकारायची. गिळणारी, टोचणारी आणि चिकटणारी.”

“मग राहिलं कोण, मॅडम?” दुकानदाराने अगदी मनापासून विचारलं.

“त्याच्याच जातीचा, त्याच्याच मापाचा, आणि टाकी दुप्पट. ते होत नसेल तर एकटा बरा. जागा आधी, सोबत मग.” एवढं बोलून त्या माशांसाठी ठेवलेलं खाद्य न घेता, आमच्या कुंड्यांतली गांडुळं सदानंदाला पुरतात असं सांगून बाहेर पडल्या.

त्याच सुमारास प्रणालीसाठी स्थळ आलं. तेही बाईंच्या केंद्रातून नव्हे, तर थेट वाशीमला, तिच्या वडिलांकडे. लोणी काळभोरकडचं घर. हायवेला जमीन होती, तिचं आता कॉलेज, मंगल कार्यालय आणि पेट्रोल पंप झालं होतं. मुलाचे वडील आबासाहेब. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर इतकी पदं होती, की ते उघडून वाचावं लागे. मुलगा हर्षवर्धन आयटीत होता, म्हणजे वडिलांच्या कॉलेजातल्या संगणक खोलीचा प्रमुख होता. प्रणालीच्या वडिलांना, म्हणजे गुरुजींना, हे घर आपल्या दारी चालून आलं याचंच दडपण आलं होतं. गुरुजी साधे गृहस्थ. मुलगी मोठ्या शहरात एकटी राहते, याची त्यांना गावात रोज कुणीतरी आठवण करून देई.

अटी फोनवर ठरल्या होत्या. नोकरीला ‘हरकत नाही’, पण हिंजवडी लांब पडते, तेव्हा ती सोडून कॉलेजातच काहीतरी बघता येईल. प्राणी वगैरे घरात चालणार नाही, सासूबाईंना शिसारी आहे. एका दुपारी मीही त्यांच्याकडे जेवायला होतो, तेव्हा प्रणालीने हे सगळं बाईंना सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “इट्स ओके, मावशी. घेईन मी जमवून.”

बाईंच्या हातातला घास तसाच राहिला. तरी त्या काही बोलल्या नाहीत. याचं मला नवल वाटलं, आणि मी नंतर तसं विचारलं. “माझा नियम आहे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “विचारलं तर सांगायचं. मुलगी आपल्या तोंडाने हो म्हणून राहिली आणि मी नाही म्हणायचं, तर मग मी तरी कोण? तिची सासूच.” त्या रात्री जेवल्या नाहीत असं नंतर कळलं. बघण्याचा कार्यक्रम आपल्या बैठकीत करायला मात्र त्यांनी परवानगी दिली. म्हणाल्या, शेंगा आणून ठेवते.

रविवारी सकाळी गुरुजी वाशीमहून आले. त्यांना सोबत म्हणून मला बोलावलं होतं. पाठोपाठ दोन गाड्या आल्या. पहिल्या गाडीतून आबासाहेब, त्यांच्या पत्नी आणि हर्षवर्धन उतरले. दुसऱ्या गाडीतून एक काचेचं भांडं उतरलं, त्यात दोन गलेलठ्ठ सोनेरी मासे. डोक्यावर मांसल टोप असलेली ही गोल्डफिशची खास जात असते, फेटा बांधून फोटोला बसल्यासारखी दिसते. आबासाहेबही फेट्यातच होते. मी उपमा देत नाही. फेटे समोर होते.

“तुमच्याकडं माशांची आवड आहे असं कळलं,” आबासाहेब म्हणाले. “म्हटलं, रिकाम्या हाती कसं जायचं? इम्पोर्टेड आहेत. वास्तूला शुभ. लक्ष्मीच म्हणा.”

बाई शेंगांचं ताट आणायला आत गेल्या आणि प्रणाली चहा बघायला. तेवढ्यात आबासाहेबांनी टाकीचं झाकण सरकवलं आणि मुहूर्त साधावा तशी लक्ष्मी आत सोडली. गुरुजी अर्धवट उठले होते, “अहो...” एवढंच म्हणाले. आबासाहेब हात झटकत म्हणाले, “एकटाच होता बिचारा.”

बाई ताट घेऊन आल्या, टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी ताट ठेवलं. यजमानाने पाहुण्याची भेट पाहुण्यासमोर बाहेर काढायची नसते, हा रिवाज त्यांच्याही अंगात होता. त्या टाकीला लागूनच बसल्या.

गप्पा सुरू झाल्या. बऱ्याचशा आबासाहेबांच्याच होत्या. कॉलेजात नवी इमारत होणार होती आणि तिला स्वतःचं नाव द्यायचा लोकांचा आग्रह त्यांना मोडवत नव्हता. त्यांच्या पत्नी शेंगा सोलून त्यांच्या तळहातावर दाणे ठेवत होत्या आणि ते न बघता तोंडात टाकत होते. पत्नीने एकही दाणा खाल्ला नाही. हर्षवर्धन फोन बघत टरफलं सोफ्याच्या हातावर रचत होता. बाई एकदा टरफलांकडे बघत, एकदा टाकीकडे. टाकीत दोन्ही फेटे सदानंदाभोवती घिरट्या घालत होते. एकाने त्याच्या तुऱ्याला चोच मारल्यासारखं केलं. सदानंद मागे सरकला. दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने केलं. सदानंद कोपऱ्यात गेला. तोंड हसरंच.

आबासाहेब आता मुद्द्यावर आले होते. “आमच्या घरात शिस्त आहे. आमची मंडळी जरा कडक आहेत. पण मुलगी शिकलेली आहे, घेईल जमवून.”

“हो हो,” गुरुजी म्हणाले.

त्याच वेळी सदानंदाचा एक तुरा तुटला. लाल दोऱ्यासारखा तुकडा पाण्यात तरंगला आणि एका फेट्याने तो गिळून टाकला. प्रणाली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला दिसलं.

“अहो, मासे टोचताहेत त्याला,” बाई म्हणाल्या. अजून इस्त्रीच्या मराठीत.

“नवीन नवीन आहे, होणारच थोडं,” आबासाहेब हसले. “घेतील जमवून.”

बाईंचा चष्मा कपाळावर गेला. मी हातातली शेंग खाली ठेवली.

“काऊन?”

“काय म्हणालात?”

“काऊन जमवून घ्यायचं जी त्यानं? त्याचं घर हाये ते. तो कोपऱ्यात जाऊन राहिला, त्याचे तुरे तुटून राहिले, अन् तुमी म्हनता जमवून घेईल?”

“बाई, जपून बोला. माशावरनं काय वाद घालताय? आम्ही कोण हाय ते ठावं नाही तुम्हाला!”

पुणेरी मराठी दोघांनीही चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवलं होतं. वऱ्हाड आणि देश समोरासमोर उभे होते आणि मधल्या टाकीत सदानंदाचं रक्त नसलेलं युद्ध चाललं होतं. बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. तो नियम. त्यांनी प्रणालीकडे बघितलं. विचारलं तर सांगायचं, पण विचारणारं माणूस तिकडे ट्रे धरून उभं होतं.

प्रणालीने ट्रे हर्षवर्धनच्या टरफलांशेजारी ठेवला. कार्यक्रमासाठी नेसलेल्या साडीचा पदर खोचला. स्वयंपाकघरातून पातेलं आणलं, कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि एकेक मासा पातेल्यात घेऊन त्यांच्या त्यांच्या भांड्यात सोडला. सावकाश, पाणी न सांडता. मग भांडं उचलून आबासाहेबांसमोर शेंगांच्या ताटाशेजारी ठेवलं.

“हे परत न्या, काका. यांचा काही दोष नाही. यांची जागा ही नाही.”

“आणि आम्ही निरोप काय समजायचा?” आबासाहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच प्रश्नचिन्ह ऐकू आलं.

तिच्या तोंडावर ‘इट्स ओके’ आलं होतं, मी शपथेवर सांगतो. ते तिने गिळलं.

“काका, मला जमवून घ्यायचं नाहीये,” ती म्हणाली. “मला जमायला हवंय.”

आबासाहेब उठले. फेटा सरळ केला. त्यांच्या पत्नी उठताना मात्र एक गोष्ट झाली. त्यांच्या मुठीत सोललेले चार दाणे राहिले होते. त्यांनी ते नवऱ्याच्या पुढे केलेल्या हातावर न ठेवता स्वतःच्या तोंडात टाकले, आणि प्रणालीच्या पाठीवरून हात फिरवून बाहेर पडल्या. शिसारी वगैरे असल्याचं काही दिसलं नाही.

गाड्या गेल्यावर खोलीत गुरुजी, मी, दोघी, आणि हसणारा जखमी सदानंद एवढे उरलो. गुरुजी मान खाली घालून बसले होते. आता गावात काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या सदऱ्यावर लिहिलेला दिसत होता. प्रणाली ओल्या हाताने तशीच उभी. “बाबा, रागावलात?”

गुरुजींनी ताट पुढे ओढलं. एक शेंग सोलली. दुसरी सोलली. टरफलं नीट वाडग्यात टाकली. बरेच दाणे झाल्यावर ते लेकीच्या ओल्या तळव्यावर ठेवले आणि म्हणाले, “खा. सकाळपासून काही खाल्लं नाहीस.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि लगेच पुन्हा काढून पुसला. “चालेल,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल हा निकाल ऐकलेले गुरुजी हे एकमेव वधूपिते.

सदानंदाच्या तुटलेल्या-कुरतडलेल्या तुऱ्यांवर औषध एकच, असं प्रणालीने सांगितलं: स्वच्छ थंड पाणी आणि एकांत. या जिवाचं तेवढं ऐश्वर्य आहे, तुटलेलं परत उगवतं. कल्ले तर सोडाच, पायसुद्धा. काही आठवड्यांत थोटकांच्या टोकांना लालसर धुमारे फुटले. बाई रोज सकाळी पूजेआधी टाकीपाशी जाऊन बघत आणि मला खिडकीतून ओरडून सांगत, “भाऊ, वाढून राहिले!” सगळी सोसायटी त्या तुऱ्यांवर लक्ष ठेवून होती. सेक्रेटरींनी तर एकदा पट्टी आणली. पहिल्यापेक्षा दाट तुरे आले तेव्हा बाईंनी मजल्यामजल्यावर पेढे वाटले. कशाचे, असं कुणी विचारलं तर सांगत, “बाळंतपण नाही, बारसं नाही, लग्नही नाही. पेढा गोड आहे ना? खा.”

आणि प्रणालीचं ‘इट्स ओके’ कमी झालं. सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तेव्हा तिने चक्क विचारलं, “काऊन?” वरिष्ठाला तो कुठल्या तरी नव्या तंत्रज्ञानातला शब्द वाटला असावा. पुढे तिला बढती मिळाली, आणि तिने बिबवेवाडीत स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतला. लहान, पण पूर्वेची खिडकी असलेला. टाकी मात्र तिने दुप्पट मोठी घेतली. “कुणी आलंच पुढे, तर जागा असावी,” ती म्हणाली. पुढे तिथे कोण आलं किंवा नाही, ते मला ठाऊक आहे. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा नियम मीही उचलला आहे.

नंतर वर्षभरात बाई केंद्र बंद करून वाशीमला बहिणीकडे गेल्या. मी त्या निरोपाला हजर नव्हतो आणि नव्हतो ते बरंच. कारण माझ्या मनात त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून राहिली आहे ती प्रणाली नव्या फ्लॅटवर राहायला गेली त्या दिवशीची सकाळ.

सामानाचा टेम्पो पुढे गेला होता. प्रणाली स्कूटरवर, हेल्मेटखाली कुंकू. ते बाईंनी लावलं होतं आणि ओटीही भरली होती. “पाठवणी नवऱ्याच्याच घरी करायची असं कुठे लिहिलंय?” असं त्यांनी गुरुजींना विचारलं होतं, आणि गुरुजी शिक्षक असूनही त्यांना तसं कुठे वाचल्याचं आठवलं नव्हतं. बाई रिक्षात बसल्या. मांडीवर थर्माकोलचा मोठा खोका, आत बर्फाच्या बाटल्यांच्या गारव्यात झाकणाचा डबा, आणि डब्यात सदानंद. नऊवारी नव्हती, शालू नव्हता, पण केसांत गजरा होता. एवढ्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच पाहिला.

रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, “मावशी, काय आहे खोक्यात? अंडी?”

“वऱ्हाड हाये,” बाई म्हणाल्या. “हळू घे.”

रिक्षा फाटकाबाहेर पडली. कोपऱ्यावर वळणार, तोच मोठ्या रस्त्यावरून एक बस हॉर्न वाजवत अंगावर आली. थांबायची तिची इच्छा नव्हती. बाईंनी एका हाताने खोका पोटाशी धरला, दुसरा हात कोपरापर्यंत रिक्षाबाहेर काढला आणि तळवा बससमोर उभा केला. एवढी मोठी बस, करकचून जागच्या जागी थांबली. ड्रायव्हर काहीतरी ओरडला. तो हात खाली आला नाही. आधी स्कूटर गेली, मग रिक्षा वळली, आणि वळण पार होईपर्यंत बांगड्या भरलेला तो हात तसाच ताठ दिसत होता.